ताबा देताना

ये, प्रणित. चावी नंतर. आधी खाली वाक.
गाडी घ्यायला येणारे सगळे वरून बघतात,
हॉर्न वाजवतात, आरशात भांग पाडतात.
गंज बॉनेटवर बसून कुणाची वाट बघत नाही.
तो खाली असतो, चासीच्या पोटाशी,
जिथे चिखल सुकतो आणि कुणाचा हात जात नाही.

अकरा वर्षं हिने म्हावरं वाहिलं
दिवाळे गावच्या जेट्टीवरून ठाण्यापर्यंत, पहाटे साडेतीनला.
बर्फ रबाळ्याच्या आधीच पाझरायला लागतो,
आणि ते पाणी, पोरा, पाणी नसतं.
त्यात खाडी असते, खवले असतात, मूठमूठ मीठ.
हौद्याच्या चार कोपऱ्यांत चार भोकं आहेत, करंगळीएवढी.
ती बुजली की समज, गाडीचं लोणचं घातलंस.
छत्रीची एक काडी ठेवलीय त्यासाठी. सीटखाली. तीही तुझी.

रोज संध्याकाळी गोडं पाणी मार.
वरवर नको. पाट्यांच्या फटीत, मडगार्डच्या आत,
पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून.
हे काम चांगुणा करायची, मी नाही.
मी टँकरच्या पैशावरून कटकट करायचो.
ती म्हणायची, जालं धुताना कवा पैसं मोजलंस?

भरतीला चाकं पाण्यात घालू नकोस.
होडीवाले हाका मारतील, अजून जरा मागं, अजून जरा.
त्यांचं लाकूड आहे. तुझं लोखंड.

गणपती गेले की एक दिवस धंदा बंद ठेव.
तारेच्या ब्रशनं खरवड, पांढरा पत्रा दिसेपर्यंत.
मग रेड ऑक्साइड, दोन हात,
पहिला हात वाळला नसेल तर दुसरा फुकट.
काहीजण खालून जळकं ऑइल फासतात.
मीही फासलं एक वर्ष.
रबराचे बुश फुगले, आणि शेजारच्यांच्या
वाळत घातलेल्या सुकटीवर काळे शिंतोडे.
अजून बोलत नाहीत ते.

आता हे घे. स्पीकरचं चुंबक,
मंडळाचा फुटला होता, त्यातलं.
कुठलीही जुनी गाडी बघायला गेलास की खिशात असू दे.
लोखंडाला धरतं. लांबीला धरत नाही.
लांबी भरली, घासली, वर रंग मारला
की गंजाच्या भोकाला कुणी भोक म्हणत नाही.

लाव ना. दारावर लाव. बघ कसं बसलं.
फाळक्याला लाव.
आता इकडे, डाव्या मागच्या चाकाच्या वर.

पडलं ना.

असू दे, उचल.
मागच्या मंगळवारी भरली, इस्माईल पेंटरकडून, नऊशे रुपयांत.
इतकी सफाई की मीच दोन दिवस हात फिरवत होतो.
ती जागा म्हणजे गेल्या वर्षीचे तीन महिने.
चांगुणा नेरुळला दवाखान्यात,
गाडी दारात उभी, हौद्यात शेवटच्या फेरीचं पाणी तसंच.
मला पाइप कुठे ठेवलेला असतो
तेही ठाऊक नव्हतं.
ती घरी आली, काठी टेकत आधी गाडीपाशी गेली,
पत्र्यावर बोट दाबलं.
बोट आत गेलं.
मला वाटलं आता बोलेल. नाही बोलली.

काल रात्री चुंबक माझ्या उशाशी होतं.
मी ठेवलं नव्हतं.

तर सात हजार कमी दे.
थांब, आठ. कापून नवा पत्रा जोडायचा
तर वेल्डिंगवाला तेवढे घेणारच, आणि तू त्याला
आतल्या बाजूनं रंग मारायला लाव,
ते लोक विसरतात. विसरतात म्हणजे टाळतात.

हां, आता चावी.
पण लगेच स्टार्टर मारू नकोस.
ती पाइप घेऊन खाली उतरतेय, जिना तिला वेळ लावतो.
एकदा धुणार म्हणते.
धरू दे तिला. पाणी अंगावर आलं तर येऊ दे.